पुण्याच्या पाण्यात चेरी श्रिंप: टाकी लावण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत

चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी रंगीत कोळंबी, पाळणं अवघड नाही. अवघड आहे ते पहिले दोन महिने हात बांधून बसणं आणि आपल्या नळाला येणारं पाणी नेमकं कुठलं, याचा छडा लावणं. मासे पाळणारा माणूस आधी मासे पसंत करतो, मग टाकी घेतो, आणि पाण्याचा विचार मासे मरायला लागल्यावर करतो. श्रिंपच्या बाबतीत हा क्रम उलटा धरावा लागतो. म्हणून या लेखातही श्रिंप टाकीत पडायला बराच वेळ लागणार आहे.

कुठली जात घ्यायची

निओकॅरिडिना डेव्हिडी, म्हणजेच चेरी श्रिंप. तैवान आणि चीनमधल्या ओढ्या-नाल्यांतली ही जात मुळात मातकट, जवळजवळ पारदर्शक असते. लाल, पिवळा, निळा, नारिंगी, काळा हे दुकानात दिसणारे रंग पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पक्के केलेत. मादी साधारण तीन सेंटिमीटर, नर त्याहून लहान आणि सडपातळ. आयुष्य दीड-दोन वर्षांचं.

दुकानदार शेजारच्या टाकीतले लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रिस्टल रेड दाखवेल. दिसायला देखणे असतात, पण ते कॅरिडिना या दुसऱ्या गटातले. त्यांना मऊ, आम्लधर्मी पाणी आणि 20 ते 24 अंश तापमान लागतं. मे महिन्यात पुण्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, हे जमत नाही, आणि चिलरच्या किमतीत बाकीचा सगळा संसार दोनदा उभा राहील. अमानो श्रिंपचा शेवाळ खाण्यात कोणी हात धरणार नाही, पण त्याच्या अळ्यांना वाढायला खारट पाणी लागतं, त्यामुळे घरच्या गोड्या पाण्यात पिल्लं हाती लागत नाहीत. निओकॅरिडिनाच्या अंड्यातून थेट छोटा श्रिंपच बाहेर येतो, मधली अळीची अवस्था नाही. नवख्याला हीच जात झेपते.

आणखी एक, रंग एकच घ्या. लाल, पिवळे आणि निळे एकत्र छान दिसतात हे खरं, पण सगळे एकाच जातीचे असल्यामुळे ते एकमेकांत मिसळतात आणि काही पिढ्यांत टाकीभर मातकट पिल्लं होतात.

आधी पाणी ओळखा

पुण्यात "नळाचं पाणी" म्हणून एकच एक पाणी नाही. पेठा, कोथरूड, सहकारनगर अशा जुन्या भागांत महापालिकेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणसाखळीतून येतं. सह्याद्रीत पडलेला पाऊस धरणात साठतो आणि शुद्धीकरण होऊन घरी पोचतो. जमिनीत मुरून खडकातले क्षार उचलायला त्याला फारसा वेळच मिळत नाही. म्हणून हे पाणी मऊ. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी, तेही याच जातीचं. बोअरचं पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. बाथरूमच्या नळावर पांढरे डाग पडत असतील आणि साबणाला फेस येत नसेल तर तुमच्याकडे ते पाणी आहे. वाघोली, उंड्री, पिसोळी, मांजरी या बाजूच्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे खुद्द चालकालाच माहीत.

खरी गंमत उन्हाळ्यात सुरू होते. मार्चपासून धरणाचं पाणी कमी पडायला लागलं की सोसायटी तळटाकीत टँकर ओतते. नळ तोच, पाणी बदललेलं, आणि तुम्हाला कोणी सांगत नाही. म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटरची करा. दोन-तीनशे रुपयांत मिळणारं साधं पेन चालतं. पाणी बदलायच्या आधी दरवेळी बादलीत बुडवायची सवय लावून घ्या. आकडा आदल्या वेळेपेक्षा शंभरने वर दिसला तर त्या दिवशी पाणी बदलू नका.

टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात कॅल्शियम किती, मीठ किती हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा कडकपणा) आणि केएच (कार्बोनेटमुळे येणारा, पीएच स्थिर ठेवणारा) यांचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. चेरी श्रिंपला जीएच 6 ते 10, केएच 2 ते 8, पीएच 6.5 ते 8 आणि टीडीएस 150 ते 300 मानवतो. पीएचच्या मागे लागून थेंबाथेंबाने तो खाली आणण्याचा खटाटोप करू नका. स्थिर 7.8 हा रोज हलणाऱ्या 7.0 पेक्षा कितीतरी बरा.

धरणाचं पाणी असेल तर जीएच बहुधा कमी भरेल. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडलं की श्रिंपला कात नीट टाकता येत नाही. डोक्यामागे मानेभोवती पांढरी रिंग उमटते, कात अर्धवट अडकते आणि जीव जातो. श्रिंपसाठी मिळणारी खनिज पावडर बादलीत विरघळवून जीएच 7-8 वर आणा आणि मगच ते पाणी टाकीत घाला. पावडर थेट टाकीत टाकू नका. कॅल्शियमचा सावकाश आधार हवा असेल तर समुद्रफेसाचा तुकडा टाकीत सोडा. पोपटांना चोच घासायला देतात तोच. पक्ष्यांचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो.

बोअरचं पाणी असेल तर उलटा उद्योग. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी त्यात मिसळायचं. समजा बोअरचा टीडीएस 800 आहे आणि आरओचा 40. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ घेतलं की मिश्रण 230 च्या आसपास येतं. त्याचा जीएच तपासा, पट्ट्यात बसला की तेच प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा. नुसतं आरओचं पाणी कधीही वापरू नका, त्यात श्रिंपच्या कामाचं काहीच उरलेलं नसतं.

क्लोरीनचं काय करायचं? बादली उघडी ठेवून त्यात रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालवला की क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि क्लोरीनचा वासही जास्त जाणवतो. अशा वेळी दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे थेंब नेमाने वापरा. आणि सोसायटीच्या फलकावर "उद्या पाण्याची टाकी साफ करण्यात येईल" अशी सूचना लागली की आदल्या दिवशीच दोन बादल्या पाणी भरून ठेवा. टाकी धुतात ब्लीचिंग पावडरने. डासांच्या अळ्या मारायला टेमेफॉससारखं औषध पाण्यात सोडलं असेल, तर कवचधारी प्राण्यांना ते अळ्यांइतकंच घातक आहे. पुढचा आठवडाभर नळाचं पाणी टाकीत नको.

तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला कितीही गुणकारी असो, श्रिंपला तांबं विष आहे. थंडीत पाणी कोमट करायला गीझरचं पाणी मिसळतात, तेही टाळा. गीझरच्या आत बऱ्याचदा तांब्याची नळी असते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची औषधं आणि गोगलगायी मारायचे द्रव यांच्या बाटलीवर कॉपर लिहिलंय का ते बघा. असेल तर ती बाटली घरातच आणू नका.

टाकी लावणं

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने 56 लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली की 45 लिटरच्या घरात पाणी बसतं. टेबलावरच्या गोल बाऊलच्या नादी लागू नका, दुपारी तापतो आणि पहाटे गार पडतो. पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला टाकी लावा. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि स्लॅब तापत असेल, तर घरातली सगळ्यात गार खोली शोधा, मग ती पाहुण्यांना दिसो वा न दिसो.

तळाला बारीक काळी खडी, दीड इंच. काळ्यावर लाल रंग खुलतो, आणि श्रिंप फिक्या तळावर स्वतःही फिके पडतात. अॅक्टिव्ह सॉइल, म्हणजे पाणी मऊ आणि आम्लधर्मी करणारी माती, कॅरिडिनासाठी असतं, इथे त्याचं काम नाही. फिल्टर स्पंजचाच. त्यात पिल्लू ओढलं जात नाही आणि स्पंजवर साचलेला थर हे पिल्लांचं कुरणच असतं. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून फरशीवर येतं. वीज वारंवार जात असेल तर पंप इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या. तो दोन-चार वॅट खातो, घरच्यांनी कुरकुर करण्यासारखं काही नाही.

झाडांत जावा मॉस पहिलं. मूठभर मॉस दगडाला दोऱ्याने बांधून टाका, पिल्लं त्यातच वाढतात. सोबतीला जावा फर्न, अनुबियास आणि पटकन वाढणारं हॉर्नवॉर्ट. दुकानातून आणलेलं झाड थेट टाकीत टाकू नका, त्यावर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, रोज पाणी बदला. त्या बादलीत चतुराची अळी निघाली तर तिथेच सापडते. टाकीत गेली तर रोज एक श्रिंप कमी होत राहतो आणि तुम्ही पाणी तपासत बसता.

रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं पुण्यात पुष्कळ आहेत. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळून तपकिरी झालेलं पान उचला, स्वच्छ धुवा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून टाकीत सोडा. 45 लिटरला एक पान पुरतं. पाणी किंचित चहाच्या रंगाचं होईल, होऊ द्या. पान कुजत जाईल तसा त्यावर बुळबुळीत थर येतो आणि श्रिंप तो दिवसभर टिपत राहतात. शेवटी उरते फक्त शिरांची जाळी.

मग थांबा

टाकी भरली, फिल्टर चालू झाला, पाणी काचेसारखं नितळ दिसतंय. आता काही आणायचं नाही. कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही श्रिंपला मारक. हे जीवाणू स्पंजवर आणि खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खायला दोन दिवसांआड चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ओळखीच्या कोणाकडे निरोगी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या, काम लवकर होतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 20 च्या आत आलं की टाकी तयार.

तरीही आणखी दोन आठवडे थांबा असंच मी सांगेन. काचेवर हिरवट पापुद्रा आणि टाकीत लाकूड असेल तर त्यावर पांढुरका थर दिसू लागला पाहिजे. नव्याने जन्मलेलं पिल्लू दोन मिलिमीटरचं असतं, ते खाद्याच्या गोळीपर्यंत चालत जात नाही. जिथे आहे तिथला थर खातं. टाकी जेवढी जुनी आणि मळकट, तेवढी पिल्लं जास्त जगतात. चकचकीत टाकीची आवड असणाऱ्याने गप्पी पाळावेत.

आणणं आणि सोडणं

दहा ते पंधरा घ्या, एकाच टाकीतले, आणि शक्यतो पुण्यातल्याच कोणाच्या घरी जन्मलेले. बाहेरून आलेल्या मालाचा प्रवासात दम निघालेला असतो. भडक लाल, मोठ्या मोठ्या माद्याच निवडायचा मोह होतो, पण मध्यम वयाचे, दीड-दोन सेंटिमीटरचे घ्या. ते नव्या पाण्याला लवकर सरावतात, आणि त्यांत नरही येतात.

घरी आल्यावर पिशवी पाण्यासकट एका डब्यात रिकामी करा. टाकीतून एअर लाइनची नळी काढून तिला सैल गाठ मारा, तोंडाने ओढून पाणी सुरू करा आणि सेकंदाला दोन थेंब पडतील एवढी गाठ आवळा. डब्यातलं पाणी तिप्पट होईपर्यंत दीड-दोन तास जाऊ द्या. तोवर टीव्ही बघा. मग श्रिंप जाळीने उचलून टाकीत सोडा. डब्यातलं पाणी मोरीत. घाईने सोडलेले श्रिंप त्या दिवशी ठणठणीत दिसतात आणि तीन-चार दिवसांनी कात टाकताना मरतात, म्हणून माणसाला कारण कळत नाही.

पहिल्या आठवड्यात तळाशी पांढरट, पोकळ, अख्खा श्रिंप पडलेला दिसेल. ती टाकलेली कात. काढू नका, तेच ती खाऊन कॅल्शियम परत घेतात. मेलेला श्रिंप कालवणातल्या कोळंबीसारखा गुलाबी, अपारदर्शक होतो. तो मात्र लगेच काढा.

रोजचं खाणं, आठवड्याचं पाणी

पंधरा श्रिंपना एक दिवसाआड मसुराच्या दाण्याएवढं खाद्य. दोन-तीन तासांत संपलं नाही तर काढून घ्या आणि पुढच्या वेळी निम्मं द्या. श्रिंप उपासाने मरत नाहीत, उरलेल्या खाद्याने मरतात. आठवड्यातून एकदा दुधी, काकडी किंवा पालक. मंडईतली भाजी असेल तर मिठाच्या पाण्यात धुवा, साल काढा, दोन मिनिटं उकळा, गार करून टाका. तुतीचं वाळलेलं पान मिळालं तर फारच उत्तम. दिवाळीत आठ-दहा दिवस गावी जाणार असाल तर शेजाऱ्याकडे खाद्याची डबी देऊन जाऊ नका. बदामाची दोन पानं टाकून कुलूप लावा.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, त्याहून जास्त नको. नवीन पाणी त्याच तापमानाचं, त्याच टीडीएसचं, आणि नळीने हळूहळू. एकदम अर्धी टाकी बदलली की सगळे एकाच वेळी कात टाकायला लागतात आणि कमजोर असतात ते त्यातच जातात. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा.

मे महिना, आणि डास

चेरी श्रिंप 20 ते 26 अंशांत खूश असतात. 30 च्या वर पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, त्यांची भूक आणि अंडी दोन्ही घटतात, आणि पाणी फार तापलं तर जीवच जातो. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा 40 ला टेकतो. पण इथली दुपार कोरडी असते, आणि तिचाच उपयोग करून घ्यायचा. टाकीचं झाकण काढा, वर मच्छरदाणीची जाळी ताणा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनाने पाणी सहज दोन-चार अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा एवढं काम करत नाही. पाणी मात्र भराभर आटतं. ही भर आरओच्या पाण्याने घाला, कारण उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे टाकीतच राहतात. बर्फाच्या बाटल्या अगदी अडचणीतच वापरा, त्याने तापमान वर-खाली हेलकावतं. हिवाळ्यात हीटर लागत नाही. पाणी 19-20 पर्यंत उतरलं की माद्या अंडी कमी घालतात, एवढंच.

पावसाळ्यात धोका उन्हाचा नाही, धुराचा. डेंग्यूच्या दिवसांत खिडकीखाली धुरळणीची गाडी येते, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. डास मारायची बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात, श्रिंपला त्याचा अंशही सोसत नाही. गाडीचा आवाज आला की खिडक्या बंद करा, पंप बंद करा, टाकीवर प्लास्टिकचा कागद टाका. तासाभराने खोली मोकळी करून पंप सुरू करा. टाकीच्या खोलीत लिक्विडचं मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांतलं काहीही नको. रात्री मच्छरदाणी लावा. हाताला डासांचं क्रीम असेल तर साबणाने धुवून, साबणही पूर्ण जाईपर्यंत धुवून, मगच हात पाण्यात घाला.

अंडी आणि पिल्लं

यात तुम्ही करण्यासारखं जवळजवळ काही नाही. मादीच्या डोक्यामागे पाठीवर पिवळट किंवा हिरवट डाग दिसायला लागतो, ते अंडाशय. त्याला खोगीर म्हणतात. ती कात टाकते, तिचा गंध पाण्यात पसरतो, आणि एरवी मॉसमध्ये बसून असणारे नर एकाएकी टाकीभर वेड्यासारखे पोहू लागतात. नवख्याला वाटतं पाण्यात विष गेलं. दुसऱ्या दिवशी मादीचं पोट बघा. वीस-तीस अंडी शेपटीखालच्या पायांत धरलेली असतात, आणि ती पाय सतत हलवून त्यांना वारा घालत असते. मधूनच एखादं अंडं फिरवून साफही करते.

अंड्यांना 25 ते 35 दिवस लागतात. उबदार पाण्यात लवकर, थंडीत जास्त. शेवटच्या दिवसांत भिंगातून बघितलं तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. ते डोळे. या काळात मादीला वेगळ्या डब्यात हलवू नका, घाबरून ती अंडी टाकून देते. पहिलटकरीण कधी कधी तशीही टाकते, पुढच्या खेपेला जमतं. पाणी जास्त उबदार असेल तर पिल्लांत नरांचं प्रमाण वाढतं असं अभ्यासात आढळलं आहे, तेव्हा अंडी लवकर पिकावीत म्हणून मुद्दाम हीटर लावण्यात फार अर्थ नाही.

पिल्लं दिसत नाहीत म्हणून निराश होऊ नका. रात्री टॉर्च लावून मॉसमध्ये बघा. त्यांना वेगळं खाद्य द्यायचंच असेल तर खाद्याची चिमूटभर बारीक पूड पाण्यात भिजवून आठवड्यातून दोनदा, आणि तीही हात आखडता घेऊन. अडीच-तीन महिन्यांत ती स्वतः वयात येतात. मासे टाकायचे असतील तर पिल्लं मिळणार नाहीत हे धरून चाला. गप्पी, मोली, टेट्रा, सगळे खातात. ओटोसिन्क्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा तेवढा भरवशाचा.

काचेवर पांढऱ्या धाग्यांचे झुपके दिसले तर तो हायड्रा, त्रिकोणी डोक्याचा चपटा किडा दिसला तर प्लॅनेरिया. दोन्ही जास्त खाद्याची लक्षणं. आधी खाद्य निम्म्यावर आणा. तरीही हटले नाहीत तर फेनबेंडाझोल या जंतनाशकाचा फार कमी डोस चालतो, पण टाकीत गोगलगायी असतील तर त्या आधी काढाव्या लागतात.

गर्दी झाल्यावर

टाकी जमली की सहा-आठ महिन्यांत मोजदाद सुटते. रंग टिकवायचा असेल तर दर महिन्याला फिके, पट्टे-पट्टे आलेले जाळीने काढून दुसऱ्या टाकीत टाका. त्यांनी तिथे शेवाळ खावं. बाकीचे दुकानदार खाद्याच्या बदल्यात घेतो, किंवा कोणाला तरी द्या. पाषाण किंवा कात्रज तलावात, नदीत मात्र सोडायचे नाहीत. जर्मनी आणि पोलंडमध्ये वीजकेंद्रांच्या गरम पाण्यामुळे उबदार राहिलेल्या नदी-कालव्यांत हेच पाळीव श्रिंप ठाण मांडून बसलेत, आणि आपल्याकडे तर पाणी बारा महिने उबदार. सह्याद्रीच्या ओढ्यांत इथल्या मूळच्या कॅरिडिना आहेत, त्यांच्या ताटातलं यांनी का खावं?

कोणाला देताना आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवा. पिशवीत एक तृतीयांश टाकीचंच पाणी, दोन तृतीयांश हवा, आणि धरून बसायला मॉसचा तुकडा. पिशव्या दुहेरी, कोपरे रबराने बांधलेले, म्हणजे कोपऱ्यात कोणी अडकत नाही. सोबत तुमच्या पाण्याचा टीडीएस आणि जीएच चिठ्ठीवर लिहून द्या. उन्हाळा असेल तर पहाटेच्या गाडीने पाठवा.